विक्रीसाठी नाही

हॅलो? … हां ताई, बोल. … येतंय, येतंय ऐकू. जरा गोंगाट आहे एवढंच.

कुठे म्हणजे? गुरुवार ना आज? गुरुवारी सकाळी अकराला मी कुठे असते? … हो, तिथेच. व्यायामशाळेच्या हॉलमध्ये, रांगेत. … अगं हळू काय बोलू? इथे सगळे रांगेतच आहेत, कुणापासून लपवू?

एक्केचाळीस. … टोकन नंबर गं माझा. आत्ता सव्वीस चाललाय. म्हणजे वेळच वेळ आहे, तू बोल.

(सरकते हो, सरकते. फोनवर आहे ना मी.)

तुला नाही गं. मागे आमचे बसवाले काका आहेत. एकतीस वर्षं बस चालवली त्यांनी. पुढचा माणूस वीतभर हलला की यांना हलायचंच असतं. … हसतायत आता. … ते सोड, तुझा आवाज असा का येतोय? रडलीस का?

कोण येतंय?

इथे? … आज?

अगं पण तुझी विहीण इथे कशाला येतेय!

थांब. थांब, थांब, थांब. श्वास घे आणि पहिल्यापासून सांग. … हं. रविवारी चिमीचं लग्न ठरल्याचा चहा होता तुझ्याकडे. … अगं मला कसलं विचारतेस, मी होते की तिथे, तुझ्या त्या नव्या सोफ्याच्या टोकावर बसले होते. … हं. मी बिस्किटांचा डबा आणला होता. हो, निळा, झाकणावर घोडागाडीचं चित्र. … बरं. मी निघून गेल्यावर तुझ्या विहिणीने तो उचलला. … आणि तारीख बघायला उलटा केला. … आणि खाली …

हो. होता ना स्टिकर. 'विक्रीसाठी नाही, मोफत वाटपासाठी.' इथून जे निघतं त्या सगळ्यावर असतो तो.

नाही, विसरले नाही. … अगं विसरले नाही म्हणते ना! काढायला बसले होते. नखाने खरवडलं, गरम पाणी लावलं, तेल लावलं. तो निघेना, उलट कोपऱ्यातला रंग सुटायला लागला. मग म्हटलं, फाटक्या अंगाचा डबा नेण्यापेक्षा आहे तसा न्यावा. बिस्किटं चांगली आहेत, तारीख चांगली आहे, मनापासून आणली आहेत. आणखी काय लागतं चहाला?

तुझं नाक कापलं? … कुणासमोर? एका बाईसमोर? … बरं, होणाऱ्या विहिणीसमोर. मग तू काय सांगितलंस तिला?

काय चालवते मी?

ताई!

विश्वस्त? मी? … अगं मला इथल्या संडासाची किल्लीसुद्धा मागून घ्यावी लागते! विश्वस्त म्हणे! (काही नाही हो काका, मी विश्वस्त झालेय. … हो, आत्ताच, फोनवर.) अगं सुचलं कसं तुला? … म्हणे 'माझी धाकटी बहीण गोरगरिबांना अन्न वाटते.' आणि ती काय म्हणाली? … 'वा, किती छान, बघायला आवडेल.' … म्हणणारच. असं ऐकल्यावर कुणीही म्हणेल. तू दार उघडलंस, ती आत आली. आणि आता चिमी तिला गाडीत घालून इकडे आणतेय.

निघाल्या? … कधी? … म्हणजे अर्ध्या तासात.

हं. … हं. … आता कळलं. म्हणून फोन. म्हटलं ताईला गुरुवारी सकाळी माझी आठवण कशी झाली.

बरं, मी काय करायचं म्हणतेस?

…

एप्रन.

नाही, ऐकतेय. बोल, बोल. एप्रन घालायचा, टेबलाच्या पलीकडे उभं राहायचं, दोन-चार पिशव्या भरायच्या, तिला बघून गोड हसायचं. दहा मिनिटं. … दहाच मिनिटं. … आणि ती गेली की एप्रन काढून परत एक्केचाळीस नंबरवर. बसवाल्या काकांना सांगायचं माझी जागा धरा. … सगळं ठरवलंयस की तू. नेपथ्यासकट.

नाही, ताई.

नाही म्हणजे नाही. … अगं पण मला नाही जमणार. … हट्ट नाही. … ऐक ना, ऐकून तर घे! …

हो, डबे तपासते ना मी. कोण नाही म्हणतंय? अठरा वर्षं डबाबंद फळांच्या कारखान्यात तेच केलं. बोटाने ठोकलं की सांगते आतलं चांगलं आहे की गेलंय. मागे एकदा इथे त्या टेबलावरच्या बाईने, दातांची डॉक्टर आहे ती, दर गुरुवारी दवाखाना बंद ठेवून येते, तिने पोचा पडलेले डबे सगळे टाकायला काढले होते. शंभरेक डबे! मी रांगेतूनच ओरडले, अहो थांबा, पोटाला पोचा असेल तर काही होत नाही. कडेच्या जोडावर असेल तर टाका. आणि फुगलेला असेल तर हातसुद्धा लावू नका. पंधरा डबे गेले, बाकीचे सगळे वाचले. तेव्हापासून माझा नंबर येईपर्यंत डबे माझ्याकडे पाठवते ती. मी इथेच उभी राहून ठोकते.

रांगेत उभी राहून, ताई. तेच तर सांगतेय. डबे ठोकते म्हणून मी वाटणारी होत नाही. घेणारीच आहे. घेते आणि ठोकते.

(काय हो? … मला? … कुणी सांगितलं तुम्हाला?)

एक मिनिट थांब हं ताई.

(नाही, नको, तुमच्याकडेच ठेवा. … त्यांचा फोन आला होता? कधी? … बरं. … नाही डॉक्टर, तुमची काही चूक नाही. तुम्ही जा, तिकडे बटाटे संपतायत.)

तू इथे फोन केलास? मला सांगायच्या आधी? … माझ्या पाठीमागे? … दातांची डॉक्टर एप्रन घेऊन आली माझ्यापाशी! इस्त्री केलेला! अख्खी रांग बघतेय! 'तुमच्या ताईंचा निरोप आहे,' म्हणाली, बिचारीचं तोंड एवढंसं झालं होतं. … नाही, ऐकून घे आता. माझ्या अंगाचा तिळपापड झालाय, ऐकूनच घे!

…

आता रडू नकोस. … ताई. … अगं रडून काय होणार आहे? मी काय तुझ्या वाइटावर आहे का? चिमी माझ्या अंगाखांद्यावर वाढली. तिचं लग्न मोडावं असं मला वाटेल? … मग? … हो, मला कळतंय तुझा जीव टांगणीला लागलाय. कळतंय गं.

खरं सांगू? तो एप्रन समोर आला ना, तेव्हा क्षणभर वाटलं घालावा. खोटं नाही बोलत. पांढरा स्वच्छ, खिशावर हिरवा शिक्का. घातला असता तर कुणी काही म्हणालं नसतं. इथे कुणी कुणाला काही म्हणत नाही, तीच तर पंचाईत आहे.

तुला पहिला दिवस सांगते माझा. … वेळ आहे, तेहेतीस चालू आहे. … नाही, तुला नव्हतं सांगितलं, कुणालाच नव्हतं. दोन वर्षं झाली. कारखाना बंद झाला, त्याच्या आधी पाचच महिने हे शिडीवरून पडले होते, उजवा खांदा कामातून गेला. पाट्या रंगवणाऱ्या माणसाचा उजवा खांदा, ताई. घरात दोन माणसं आणि दोन्ही घरात. त्या गुरुवारी मी नाकापर्यंत स्कार्फ बांधून आले इथे. समोर एक उंच बाई होती, तिने वळून विचारलं, 'पहिल्यांदाच का?' मी म्हटलं, 'नाही नाही, मी माझ्यासाठी नाही नेत. शेजारी एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांच्यासाठी.'

तर ती म्हणाली, 'हो का? मीपण शेजाऱ्यांसाठीच नेते. इथे सगळे शेजाऱ्यांसाठीच नेतात. फार परोपकारी माणसं आहेत इथली.'

…

अगं सगळी रांग हसली! मीपण हसले. हसताना तो स्कार्फ तोंडात जायला लागला, काढून पिशवीत टाकला. परत नाही बांधला. … कोण? ती नर्स आहे, होती, आता निवृत्त. आत्ता पण माझ्या पुढेच उभी आहे, चाळीस नंबर. सगळं ऐकतेय, आणि ऐकत नाही असं दाखवतेय. … (हो, तुमच्याबद्दलच बोलतेय!)

आता मी एप्रन घालून पलीकडे जायचं, आणि त्या बाईच्या पिशवीत बटाटे टाकायचे? विश्वस्त म्हणून? तुझ्या विहिणीकडे बघून हसायचं आणि म्हणायचं, बघा, ही आमची गोरगरीब माणसं? … मग काय म्हणायचं? … तेच म्हणायचं, दुसऱ्या शब्दांत. नाही ताई. माझ्याच्याने नाही होणार. मी त्या बाईला तोंड नाही दाखवू शकणार पुढच्या गुरुवारी. तुझी विहीण वर्षातून दोनदा भेटेल मला. ही दर गुरुवारी भेटते.

…

आलं! मला वाटलंच होतं हे येणार. 'माझ्याकडे का नाही मागितलंस.' … दिलं असतंस, माहितीय. हात आखडता नाही घेतला तू कधी. दिलं असतंस, आणि भरून दिलं असतंस.

आणि मग जन्मभर ऐकवलं असतंस. … ऐकवलं असतंस गं! भावजींचा तो तपकिरी स्वेटर आठवतो? यांना दिला होता तू. किती वर्षं झाली? नऊ? अजून यांना बघितलं की म्हणतेस, 'अरे वा, स्वेटर छान टिकलाय की!' रविवारच्या चहाला पण म्हणालीस, तुझ्या विहिणीसमोर. यांनी स्वेटर घातलाच नव्हता त्या दिवशी! … विचार भावजींना. … मी चिडून नाही बोलत, हसू येतंय मला. तुला द्यायला येतं, ताई, विसरायला येत नाही. इथे पिशवी देतात आणि पुढच्या माणसाकडे बघतात. मला ते बरं पडतं.

…

लाज? … लाज कशाची? मी चोरी केली? … नाही, सांग ना, कशाची लाज? इथे जे मिळतं ते कुणी खाल्लं नसतं तर खड्ड्यात गेलं असतं. वाकडी गाजरं. का, तर वाकडी आहेत म्हणून. वाकडं गाजर काय वाकडं पचतं? कालचा पाव. उद्या तारीख संपणारं दही, आज काय वाईट असतं का त्याला? आज तर टेबलावर अख्खा केक आहे, दोन मजली. वर लिहिलंय, 'निवृत्तीच्या शुभेच्छा, साहेब.' … अगं साहेबांनी निवृत्त व्हायचंच रद्द केलं म्हणे! खुर्ची सोडवेना. केक आला इथे. डॉक्टरीण म्हणतेय बसवाल्या काकांना द्यायचा. काका म्हणतात, मला निवृत्तीला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, तेपण बंद पडलेलं. (घ्या हो काका, लाजू नका. साहेब तुम्हीच.)

आणि एक सांगू? आता सांगूनच टाकते, आज सगळंच निघालंय तर.

तुझ्याकडचा जॅम. … पीचचा. … हो, जो मी दर दोन महिन्यांनी चार बाटल्या आणते. जो तू रविवारी चहाला काचेच्या वाटीत काढून ठेवला होतास, छोटा चमचा घालून. 'आमच्या घरचा आहे हं.' तुझ्या विहिणीने तीनदा घेतला, मी मोजलं.

कुठून येतात पीच असं वाटत होतं तुला? माझ्या झाडाचे? मी तिसऱ्या मजल्यावर राहते!

…

हॅलो? … हॅलो, आहेस ना? … हां. म्हटलं लाइन गेली.

हो, इथलेच. मऊ पडलेले, एका बाजूला डाग असलेले. डाग कापायचा, बाकीचा जॅम करायचा. कारखान्यात अठरा वर्षं तेच बघितलंय, किती साखर, किती वेळ, बाटली कशी उकळायची. दोन वर्षं तू तेच खातेयस. भावजी खातायत. तुझ्या नाकाला कधी वास नाही आला स्टिकरचा.

…

चिमीला कळलं तर? अगं चिमीला माहितीये. … सगळं. गेल्या वर्षीपासून. तिच्या ऑफिसची वाट या हॉलवरूनच जाते, एक दिवस आली सरळ आत. पिशवी घेऊन जिने चढली माझ्याबरोबर. … नाही, तिने लपवलं नाही, मी सांगितलं होतं, तुला कळलंय हे आईला सांगू नकोस म्हणून. तेवढी चूक माझी. तिला दोष नको देऊस. … तरीसुद्धा आणतेय, हो. मलापण आत्ताच लक्षात आलं ते. तिला माहितीये मी कुठे उभी असते, आणि तरी आणतेय सासूला. कार्टी! तिचं ती ठरवूनच बसलीये.

मग घाबरायचं तू आणि मी का?

…

काय म्हणालीस?

परत बोल. … नाही, नीट बोल, मला ऐकायचंय.

'एप्रन घालणार नसशील तर लग्नाला येऊ नकोस.'

…

बरं.

…

नाही, काही नाही. ऐकलं मी. … जरा थांब.

हे लागलं मला, ताई. फार लागलं. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. माझी वेणी तू घालायचीस. शाळेत माझ्या बुटाला भोक होतं म्हणून पोरी हसल्या, तर तू स्वतःचे बूट काढून मला दिलेस आणि अनवाणी घरी आलीस, ताठ मानेने, भर रस्त्यातून. ती माझी ताई. तिला कुणी काय म्हणेल याची पर्वा नव्हती. ती कुठे गेली गं?

…

हो, मला माहितीय मुलीचं लग्न आहे. … माहितीय.

तर ऐक. मी लग्नाला येणार आहे. तू बोलाव, नको बोलावू. चिमीची मावशी मी एकच आहे. पहिल्या ओळीत बसणार, यांना घेऊन. त्या तपकिरी स्वेटरमध्ये, हवं तर. आणि कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर सांगणार. डबे ठोकते, जॅम करते, आणि दर गुरुवारी रांगेत उभी राहते. बोलायचं असेल त्यांनी बोलावं. नसेल त्यांनी जेवावं.

(हो, सरकते. … एकोणचाळीस? बरं.)

दोनच नंबर राहिले, ताई. ठेवू का?

… थांब.

आली.

…

हो, तीच. हिरवी पर्स, चष्मा साखळीला. … नाही, चिमी नाही दिसत, गाडी लावत असेल. एकटीच आलीये आत. दारात उभी आहे. बास्केटबॉलच्या जाळीखाली. … बघतेय इकडेतिकडे. … टेबलाकडे बघतेय. एप्रनवाल्यांची तोंडं बघतेय एकेक. तुझा विश्वस्त शोधतेय.

ताई, मी हात वर करतेय.

… नाही. … नाही गं. … केलाच वर.

(इकडे! इकडे या, मी इथे आहे! … नाही, टेबलापाशी नाही. इथे, रांगेत.)

(नमस्कार. … हो, मीच. ऐका, एक सांगायचंय, आधी तेच सांगते म्हणजे मोकळी होईन. हे केंद्र मी चालवत नाही. विश्वस्तबिश्वस्त कुणी नाही मी. … नाही, ताई खोटं नाही बोलली हो. घाबरली. लेकीच्या काळजीने माणूस घाबरतं. … मी इथे घ्यायला येते. दर गुरुवारी, दोन वर्षं झाली. तो बिस्किटांचा डबा इथलाच. हे बघा टोकन. एक्केचाळीस.)

…

सांगितलं, ताई.

… टोकनकडे बघतेय. … नाही, चक्कर वगैरे काही आलेली नाही. उभी आहे. चष्मा लावून वाचतेय टोकन.

… नाही, ठीक आहे. बोलत राहा तू, नाहीतर नको बोलू, नुसती लाइनवर राहा.

अरे देवा. … अगं, टोकनवाले आले. त्यांना काय माहीत! नवीन माणूस रांगेत दिसलं की हातात टोकन देतात ते. दिलं तिला! अठ्ठावन्न! (अहो, या नाहीत, या पाहुण्या …) … आणि आता नर्सबाई वळल्या. गप्प बसतील तर शपथ. विचारतायत तिला, 'शेजाऱ्यांसाठी का?'

…

…

ताई.

ताई, तिने टोकन परत दिलं. म्हणाली, 'मला नको. मी यांच्याबरोबर आहे.'

'यांच्या' म्हणजे माझ्या गं! माझ्याबरोबर! … हो, असंच म्हणाली. मोठ्याने. सगळ्या रांगेने ऐकलं. … शपथेवर सांगते.

(एक्केचाळीस! हो, हो, आले!)

थांब, पिशवी धरते. … बटाटे. … पाव दोन. … गाजरं. … पीचच्या दोन पेट्या आहेत आज. (दोन्ही द्या डॉक्टर, माझ्याइतके इथे कुणी उकळत नाही.) … काय? … तुझी विहीण विचारतेय, निळा डबा आहे का आणखी. तुझ्याकडून घरी नेलेला तिच्या मुलाने रात्रीतून अख्खा संपवला, चिमीला एकसुद्धा नाही ठेवलं. … (नाही हो, बिस्किटं आज नाहीत. केक आहे. साहेबांचा. काकांना विचारा, कापतायत ते.)

हॅलो, ताई? … हसतेस की रडतेस? … दोन्ही. बरं आहे.

मघाशी जे म्हणालीस ना, ते मी ऐकलंच नाही. लाइन खराब होती. … नाही, खरंच खराब होती. पण परत म्हणू नकोस.

आणि लग्नाला मी जॅम आणतेय. प्रत्येक पाहुण्याला एक बाटली, हातात. पेट्या बघितल्यास ना … बघणार कशी म्हणा तू. पुष्कळ आहेत. … लेबलं हे लिहितील. डाव्या हाताने शिकतायत, अक्षर जरा वाकडं येतं, पण येतं. … काय लिहायचं ते मी सांगणार आहे त्यांना. दोनच शब्द. … ओळखलंस ना? … हो, तेच. मोठ्या अक्षरांत. … चालेल? … नाही चालणार तरी लिहिणार!

बरं, ठेवते आता. पेट्या जड आहेत, एक मी धरते, एक तुझ्या विहिणीने उचललीये … (अहो जपून, खालून धरा, मऊ आहेत.) … ताई, दोन्ही हात लागणार आहेत गं मला. ठेवते.